खांडीचा भारा

१

पावसाळा तोंडावर आला की बेलखारची माणसं घरं शाकारत, सुकी मासळी गाडग्यांत भरत आणि पुढचं दर्यावर सोपवून स्वस्थ बसत. हिरामणला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नव्हतं. चैत्रातच तो माळ्यावर चढे. गोड्या पाण्याचं मडकं, तांदळाची पोटली, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी, थोडी कोरडी लाकडं, सगळं जागच्या जागी लावून खाली उतरे आणि पुन्हा कधीतरी चढून तेच नव्याने लावी. बकरीचा खुंटासुद्धा त्याने टेकडीच्या बाजूला हलवला होता. पाणी आलं तर बिचारीला उलट्या दिशेने ओढावं लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

“अवो, समिंदर काय आपल्याकडं जेवायला येनार हाय?” बायको सगुणा विचारी. “जावयासाटी पन येवडी तयारी कोन करीत न्हाय.”

त्याला हसू येत नसे. तो लहान असताना एका श्रावणात बांध फुटला होता आणि अंगणात खेळणारी त्याची थोरली बहीण गोदू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. माणसं धावली नाहीत असं नव्हतं. सगळी धावली, पण जो तो भलतीकडे. ते भलतीकडे धावणं हिरामणच्या छातीत कायमचं बसलं होतं. आता त्याला ठमी नावाची पोरगी होती आणि तान्हा भिकू होता. त्यांच्या वेळी कुणी भलतीकडे धावणार नाही, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

बेलखार न्हावा-शेव्याच्या बाजूचं, खाडीकाठचं गाव. उन्हाळ्यात मीठ पिकवायचं आणि पावसात भात. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी गावाच्या अंगणांहून उंच चढे. मध्ये काय तो एक मातीचा बांध. बांधाला खिंडार पडलं की त्याला खांड म्हणत. खांड आधी हातभर असते. तेवढ्यात बुजवली तर बुजवली, नाहीतर बोलता बोलता ती दाराएवढी होते आणि मग कुणाच्या बापाला आवरत नाही.

म्हणून बांधालगतच्या प्रत्येक घराच्या पडवीत पावसाळाभर एक भारा तयार असे. आत चिकणमाती, तिच्याभोवती भाताचा पेंढा, वरून जुनं कापड आणि काथ्याच्या दोरीने करकचून आवळलेला. खांड दिसली की जवळच्या माणसाने भारा उचलायचा, खांडीत टाकायचा आणि माणसं चिखल घेऊन येईतो त्यावर पाय रोवून उभं राहायचं. पाण्याने पेंढा फुगतो आणि भारा खांडीत घट्ट बसतो. वेळ येण्याआधी मात्र त्याला कुणी हलवत नसे, कारण हाताळून बंध सैल होतात आणि ऐन वेळी सगळा पसारा वाहून जातो. हिरामणचं घर गावाच्या टोकाला होतं. बांध तिथेच वळत होता आणि लाटांचा मार पहिला तिथेच बसे.

२

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस सालची गोष्ट असावी. त्या वर्षी हिरामणने आपल्या अकलेने एक नवीन गोष्ट काढली.

तयारी करून काय उपयोग, सराव हवा, असं त्याच्या डोक्याने घेतलं. सगुणाने भिकूला घेऊन माळ्यावर कसं चढायचं ते त्याने तिच्याकडून करून घेतलं. ती तोंडाने पुटपुटत चढली आणि पुटपुटत उतरली. आता राहिला भारा. तो तर हलवायचा नाही. मग धावायचा सराव करायचा कसा?

ठमी समोरच उभी होती.

त्याने भारा बांधतानाच तिला एकदा खांद्यावर घेतलं होतं आणि एकदा भाऱ्याला, असं करत करत दोघांचं वजन सारखं केलं होतं. एवढं ओझं घेऊन आपल्याला धावता येतं, हा त्यातला हिशेब. सगुणाचं हिरवं लुगडं विरलं होतं, ते फाडून अर्धं भाऱ्याला गुंडाळलं होतं. उरलेलं अर्धं त्याने ठमीला गुंडाळलं. तिला हसू आवरेना.

“हसायचं न्हाय. तू भारा हाय. भारा बोलतो का?”

“न्हाय.”

“हलतो का?”

“न्हाय, बा.”

“आनि खांडीत टाकल्यावर?”

“गुडघं पोटाशी घेतो,” ठमी म्हणाली आणि घेऊन दाखवले. फुगून घट्ट बसणारा भारा तिला असा समजला होता.

भर दुपारी तो तिला खांद्यावर टाकून पडवीतून निघे, शेताच्या कडेने बांधावर चढे, वळणावरच्या एका खाचेत तिला ठेवी, दोन्ही बाजूंना पाय रोवी आणि “खांड! खांड!” म्हणून ओरडे. पहिल्या वेळी शेजारचा बाबाजी खरोखरच फावडं घेऊन धावत आला. खाचेत पोरगी बघून त्याने कपाळावर हात मारला.

“हिरामण, मर्दा, तुला काय येड लागलं का? ओहोटी हाय ना रं!”

त्यानंतर मात्र बांधावरून जाणारी माणसं नुसती हसून पुढे जात. ठमीला तो खेळ फार आवडला. दुपार झाली की तीच बापाच्या मागे लागे. हिरामणलाही बरं वाटत होतं. त्याचे पाय ती वाट आता न बघता धावत होते.

३

एक दिवस खाचेत ठेवल्यावर त्याने नेहमीसारखं “ऊठ आता” म्हटलं आणि ठमी उठली नाही.

त्याने गुदगुल्या केल्या. ती हलली नाही. लुगड्याचं टोक बाजूला करून पाहिलं तर डोळे उघडे होते आणि ती आभाळाकडे बघत होती. जरा वेळाने तिने पापणी मिटली, उघडली आणि उठून बसली.

“भारा काय बोलला म्हनून उठतो का?” ती म्हणाली.

पोरीने त्यालाच पकडलं होतं. तो खो खो हसला. घरी येईपर्यंत मात्र तिचा हात त्याने सोडला नाही.

मग मिरग लागला आणि पडवीत वाळवी दिसली. भाऱ्याखाली फळी घालणं भाग होतं. मोडायला नको म्हणून त्याने हळूच, दोन्ही हातांनी, भारा खांद्यावर घेतला आणि त्याच्या लक्षात आलं की तो जड झाला आहे. त्यात नवल नव्हतं. हवा दमट, माती आणि पेंढा पाणी ओढणारच. हे त्याने स्वतःला नीट समजावलं. पण भाऱ्याचा जो भाग मानेला लागला होता तो ऊन होता. निजलेल्या पोराचं अंग लागतं तसा.

त्याने भारा फळीवर ठेवला आणि हात धोतराला पुसले. बाबाजीचं कुत्रं पडवीत येऊन लोळतं, तेच भाऱ्याला टेकून निजलं असेल, असं त्याने ठरवलं.

त्या दुपारी त्याने ठमीला खांद्यावर घेतलं तेव्हा ती हलकी लागली. उन्हाळ्यात पोरं वाळतातच. त्याने सगुणाला पोरीला भाकरीबरोबर जरा जास्त कालवण वाढायला सांगितलं.

४

“तुमचा ह्यो खेळ मना आवडत न्हाय,” सगुणा एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली. बाहेर पाऊस लागून राहिला होता.

“कनाला?”

“पोर आता दुपारची पडवीतच निजते. भाऱ्याच्या शेजारी, लुगड्याचा तुकडा गुंडाळून. घरात बोलावली तं येत न्हाय.” तिने लाकूड आत सारलं. “परवा मी झाडू मारत होते. मना वाटलं, ही ठमीच हाय. म्हनलं, बाय, जरा सरक. बगते तं तो भारा.”

“मग?”

सगुणाने फुंकणी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

“मग मना वाटलं, सरकला.”

हिरामण हसला. तेवढ्यात भिकू रडायला लागला आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ठमीला समोर बसवून सांगितलं, खेळ बास, आता पडवीत निजायचं नाही. तिने शहाण्यासारखी मान हलवली. त्याने उरलेलं लुगडं काढून घेऊन वळचणीत खोचून टाकलं आणि सुटल्यासारखा शेतावर गेला.

परत आला तेव्हा पडवीत फळीवर दोन भारे होते. एकसारखे हिरवे, एकसारखे लांब, शेजारी शेजारी. दोन्हींची तोंडं झाकलेली. तो पायरीवरच थांबला. कुठला कोणता ते त्याला कळेना. स्वतःच्या हाताने बांधलेली दोरीसुद्धा कापडाच्या चुण्यांत बुडाली असावी. ती कुठेच दिसत नव्हती.

“ठमे!” त्याने हाक मारली.

“हाय,” आवाज आला.

कुणातून आला ते त्याला सांगता आलं नसतं. तो थांबला. पागोळ्या गळत होत्या. मग उजवीकडचा भारा उठून बसला आणि लुगडं खाली पडलं. ठमीच होती. दुसरं कोण असणार?

त्या दिवशी त्याने कोयती हातात घेतली, डावीकडच्या भाऱ्याची दोरी शोधून काढली आणि पातं तिला लावलं. एकदा उघडून बघितलं की संपलं. पण बाहेर पाऊस कोसळत होता. कोरडा पेंढा गावात कुणाकडे उरला नव्हता. आज भारा सोडला तर नवा बांधता येणार नव्हता, आणि आषाढातली मोठी भरती जवळ आली होती. बांधाच्या वळणावरचं घर आणि पडवीत भारा नाही! निव्वळ मनात आलं म्हणून? गोदूला नेणाऱ्या पाण्याचा आवाज अजून त्याच्या कानात होता.

त्याने कोयती पुन्हा भिंतीला अडकवली.

५

दिव्याच्या अवसेला सकाळपासूनच वाऱ्याने डोकं वर काढलं. दुपारच्या भरतीच्या वेळी आभाळ इतकं उतरलं की चुलीतला जाळ तेवढा दिसत होता. हिरामणच्या जिवाला सकाळपासून स्वस्थता नव्हती. तो दारात जाई, आत येई, पुन्हा दारात जाई.

“माळ्यावर चढ!” तो ओरडला. “भिकूला घे. ठमीला घे!”

“ठमे, चल गो!” सगुणाची हाक त्याने ऐकली आणि तो बांधाकडे धावला.

वळणावर पोचला तेव्हा पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर आतल्या अंगाने माती ओली झाली, घामाघूम माणसासारखी पाझरली, आणि हातभर तुकडा गपकन शेतात गेला. त्यातून खाडी आत आली.

“खांड! खांड!”

पाय आपसूक वळले. ती वाट त्यांना पाठ होती. पडवीत अंधार होता. फळीवर, नेहमीच्या जागी, हिरवा भारा होता. एकच होता. त्याने तो उचलला, खांद्यावर टाकला आणि धावत सुटला. अर्ध्या वाटेवर त्याच्या मनात आलं की ओझं अगदी बरोबर आहे. जड नाही, हलकं नाही. इतक्या दुपारी धावलो ते हेच ओझं घेऊन. त्याला त्या धावपळीतही हुशारी वाटली.

बांधावर चढून त्याने भारा खांडीत टाकला आणि वर पाय रोवले. पाणी कडेकडेने उसळत होतं. एवढ्यात त्याने खाली पाहिलं.

भाऱ्याने गुडघे पोटाशी घेतले.

ओल्या हिरव्या लुगड्याखाली ते वर आले, हळूच, सांगितल्यासारखे, आणि भारा खांडीत घट्ट बसला. पाणी थांबलं.

पेंढा फुगला, हिरामण म्हणाला. तो मोठ्याने म्हणाला. पेंढा फुगतोच. त्याच्या तळपायांखाली काहीतरी लहानसं, नेमाने, वर-खाली होत होतं, आणि लाटाही तशाच नेमाने बांधाला लागत होत्या. खाली उतरून लुगडं बाजूला करायचं म्हटलं तर पाय उचलावा लागणार होता. पाय उचलला की खाडी आत. पहिलं घर त्याचं. माळा मातीच्या भिंतींवर होता आणि माळ्यावर सगुणा होती, भिकू होता, आणि ठमी. ठमी होतीच. सगुणाने तिला हाक मारली होती.

त्याने पाय उचलला नाही.

बाबाजी आणि माणसं चिखलाच्या पाट्या घेऊन आली. “दाब, हिरामण, दाब!” बाबाजी ओरडत होता. पाट्यांवर पाट्या पडत गेल्या, हिरवं कापड दिसेनासं झालं आणि हिरामण दाबत राहिला.

६

भरती उतरल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. गाव वाचलं होतं. तो मात्र कुणाचं न ऐकता घराकडे पळाला.

“ठमी कुटं हाय?”

“ही काय!” सगुणा वरून म्हणाली.

माळ्याच्या कोपऱ्यात ठमी बसली होती. त्याने तिला ओढून छातीशी घेतलं आणि तो ढसाढसा रडला. बाप रडताना पाहून भिकूनेही सूर लावला. पडवीतली फळी रिकामी होती, तिथे भारा नव्हता, म्हणजे सगळं जसं असायला हवं तसंच होतं. त्याच्या जिवात जीव आला.

जेवताना तो तिच्याकडे बघत होता. “खा,” म्हटलं की ती घास घेई. नाही म्हटलं तर बसून राही. जिथे बसवली तिथेच ती बसून राहत होती.

“धसका घेतलाय पोरीनं,” सगुणा म्हणाली.

“तुज्या मागोमागच चढली ना ती वर?”

“हाक मारली, तं हाय म्हनाली.”

“चढताना बगितलीस?”

सगुणाने भाताचा हात तसाच ठेवला. “भिकू काखेत, वरनं पानी गळतंय, कुटं कुटं बगू? मागं वळले तं कोपऱ्यात होती. अवो, असं काय विचारता? पोर डोल्यांसमोर हाय!”

होती खरी. दिव्याच्या उजेडात तिची सावली भिंतीवर पडली होती. हिरामणने तिला उचलून अंथरुणावर नेलं. उचलताना त्याने जरा जास्त जोर लावला होता. तेवढ्याची गरज पडली नाही.

७

सकाळी ओहोटीला तो एकटा बांधावर गेला. बुजवलेली जागा उन्हाने वरून सुकत आली होती. तो तिच्याशेजारी बसून राहिला. उठून घरी जावं, वेड्यासारखं करू नये, हे त्याला समजत होतं. मग त्याने हातांनी चिखल उकरायला सुरुवात केली.

चिखल गार होता. कोपरापर्यंत हात गेला तरी गारच. त्याखाली बोटांना कापड लागलं आणि कापडापाशी ऊन लागलं. तो आणखी जोराने उकरू लागला.

“हिरामण!” बाबाजी धावत आला आणि त्याने मागून कवळ घातली. “भरती चढाय लागली, मर्दा! कालच्यापेक्षा आज मोटी हाय! समद्यांची पोरंबाळं बुडवतोस का?”

“ठमी हाय आत!”

“ठमी घरी हाय! सगुणा, ए सगुणा! पोरीला घेऊन ये!”

पाणी बांधाच्या पायथ्याला लागलं होतं तेव्हा सगुणा आली. ठमी तिच्या कडेवर होती. एवढी वाढलेली पोर कडेवर घेऊन ती एकदाही न थांबता बांध चढली होती. मागे आणखी माणसं होती. बायका होत्या, त्यांच्या अंगाखांद्यावर पोरं होती. बांधाच्या आतल्या अंगाला गाव दिसत होतं, चुलींचा धूर दिसत होता.

“बगा,” सगुणा रडत म्हणाली. “नीट बगा हिच्याकडं. ठमे, बाला हाक मार.”

हिरामण गुडघ्यांवर होता, एक हात चिखलात. तो ठमीच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तिचे ओठ मिटलेले होते आणि ते मिटलेलेच राहिले.

“बा.”

“ऐकलंस?” बाबाजीने सुस्कारा सोडला. “झालं समादान?”

माणसांची पांगापांग झाली. कुणी हसलंसुद्धा. हाक सगळ्यांनी ऐकली होती, आणि पोरीच्या ओठांकडे बघत होता तो एकटा हिरामण. हाक कुठून आली ते त्याच्या चिखलातल्या हाताला कळलं होतं.

पाणी वर येत होतं. त्याने गावाकडे पाहिलं, कुणाच्या तरी अंगणात धावणाऱ्या पोरांकडे पाहिलं, सगुणाकडे आणि तिच्या काखेतल्या गप्प चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याने उकरलेला चिखल दोन्ही हातांनी परत लोटला, पुरता लोटला, आणि वर उभं राहून पायांनी दाबला.

“चला ना घरी,” सगुणा म्हणाली.

“तू हो पुढं. मी येतो.”

ती पोरीला घेऊन उतरली. भरती बांधाला लागली, माथ्यापाशी आली आणि तिथेच अडली, कारण खांड घट्ट बुजलेली होती. हिरामण तिच्यावर उभा राहिला. पायाखालच्या हाका थांबेपर्यंत तो तिथून हलला नाही.